घराचं माप

टॅब घेतलेला माणूस घरभर फिरून भिंती मोजायला लागला, तेव्हाच नानांच्या मनात पाल चुकचुकली. आग लागली तर कुणी कुठून बाहेर पडायचं, याचा नकाशा आता इमारतीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर येणार आहे, असं सूनबाई म्हणाली. नानांनी मान डोलावली, पण विश्वास काही बसला नाही. घर विकायचं असलं की आधी माप घेतात, एवढं त्यांना कळत होतं. पाय गेले होते, कान शाबूत होते.

स्वयंपाकघरात त्या माणसाने विचारलं, "आणि आजोबांचं काय करायचं?"

"त्यांचं मी बघते," सूनबाईचा आवाज खाली आला. "त्यांना यातलं काही कळू देऊ नका."

नाना त्या दिवशी धड जेवले नाहीत.

दोन दिवसांनी तो माणूस पुन्हा आला, तेव्हा सूनबाई बाजारात गेली होती. नानांनी चाकाची खुर्ची सरळ दारात आडवी घातली.

"खरं सांग, गिऱ्हाईक कोण मिळालंय?"

"गिऱ्हाईक कसलं, आजोबा?" त्याने वैतागून टॅब त्यांच्यापुढे धरला. "माझा नकाशा अडलाय तुमच्या घरापाशी. हे बघा, अख्ख्या इमारतीचे बाण जिन्याकडे जातात. तुमच्या सूनबाईंचा तेवढा आधी तुमच्या खोलीत शिरतो. कॉम्प्युटर सारखी चूक दाखवतोय, आणि त्या काही बदलू देत नाहीत."