चौथऱ्यावरचं विमान

या मालवाहू विमानाने पूरग्रस्तांना तांदूळ नेला, सीमेवर जवान नेले आणि त्यांतले काही पेट्यांतून परत आणले. त्याची इंजिनं मी सांभाळायचो. आता ते गोव्यात, दाबोळीच्या तळावर, चौथऱ्यावर उभं असतं. दर दसऱ्याला मी माझ्या सर्वण गावाहून येऊन त्याला झेंडूचा हार घालायचो. हार माझी बायको आनंदी ओवायची. श्रावणात ती वारली. यंदा मी रिकाम्या हातांनी आलो, तर तळावरचा कोल्हापूरचा जवान शिडीवर चढून विमानाला हार बांधत होता.

"काढ रे पुता तो. आमच्यात यंदा सण नाही."

"अहो काका, सुतक तुम्हाला. विमानाला कसलं?"

"सुट्टीतही मी इथंच असायचो, म्हणून आनंदी याला सवत म्हणायची. घरातलंच झालं की हे."