साडेसदतीस अंश

"तिसऱ्यांदा बघतेस ना? तरी मोडणारच आहे ते लग्न," म्हणत सर प्रयोगशाळेत आले. शर्वाणीने मोबाइल घाईने पालथा ठेवला.

उबवणी यंत्राचं तापमान दर तासाला वहीत लिहायचं, एवढाच तिचा प्रकल्प. मालिका निवांत बघता यावी म्हणून तिने सकाळीच संध्याकाळपर्यंतचे रकाने भरून टाकले होते. साडेसदतीस अंश, सगळीकडे.

"पंखा कधीपासून बंद आहे गं?"

तिने वर पाहिलं. यंत्रावरचा दिवाही विझला होता.

सरांनी एक अंडं उचललं. ते गार होतं. सर रागावले नाहीत.

"पिल्लू बाहेर यायच्या आदल्या दिवशी आतून चिवचिवतं, बाळा. सकाळी सगळी बोलत होती. ऐक."

त्यांनी अंडं तिच्या कानाशी धरलं. तिने श्वास रोखला. पालथ्या मोबाइलमधली सनई तेवढी ऐकू येत राहिली.