लाल खुर्ची

धनगरवाड्यावरच्या तिसऱ्या घरीही लाल खुर्ची पुढं आली, स्टीलच्या पेल्यात दुधाचा चहा आला. पाहणीला आलेले साहेब खुर्चीत टेकले आणि ग्रामसेवकाला म्हणाले, "घरोघरी खुर्च्या, दुधाचा चहा. यांना कसलं गरीब म्हणायचं? नळयोजनेचा निधी खालच्या गावाला देऊ."

घरधनीण ठकूबाई दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

या वेळी चहा अर्धा टाकून साहेब झपाझप पुढच्या घरी गेले. तिथली म्हातारी गडबडली. "जरा दम धरा सायेब, आत्ता येतीया," म्हणाली आणि मागच्या वाटेकडं बघत राहिली.

साहेबही वळले. डोक्यावर लाल खुर्ची घेऊन ठकूबाई चढण चढत होती. विसळलेला पेला तिनं पदरात बांधला होता.

"तुमी बिगीबिगी आलासा, खुर्ची मागंच ऱ्हायली," धापा टाकत ती म्हणाली. "समद्या वाड्यात ही एकच हाय."

हातानं पुसून तिनं खुर्ची पुढं सरकवली. साहेबांना बसवेना. ते भुईवरच टेकू लागले, तशी म्हातारी कळवळली.

"खाली नगा बसू सायेब. लाज आमची जाईल."