बुडबुड्याबाहेर

"आमचा मुलगा बुडबुडे बनवतो," बोआटेंगकाकांनी जाहीर केलं आणि घानातल्या कुमासी शहरातल्या त्या अंगणात एकच हशा पिकला.

क्वाबेनाने कपाळावर हात मारून घेतला. आठवडाभर काकांना पढवलं, ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी! पण बोलायची सोय नव्हती. मागणी घालायला आलेल्या मुलाने तोंडाला कुलूप लावून बसायचं. त्याच्या वतीने काका बोलणार, मुलीकडून कोनादूमावशी. मुलीच्या मामांनीसुद्धा जे काही सांगायचं ते मावशीच्या कानात. सेरवाचं लग्न या मामांच्या होकारावर अडलं होतं, आणि अख्ख्या अंगणात तेवढे ओपोकूमामाच हसले नव्हते.

मामा मावशीच्या कानात पुटपुटले.

"मामा विचारतात," मावशी खणखणीत आवाजात म्हणाली, "आमची पोर काय फेस खाऊन जगणार?"

सेरवाने मान खाली घातली. ते पाहून क्वाबेनाला राहवलं नाही. तो ताडकन उठला.

"मामा, कॅन्सरचं औषध फार जहाल असतं! नुसतं रक्तात सोडलं तर धडधाकट अवयवांनाही भाजून काढतं. आम्ही विद्यापीठात ते चरबीच्या बुडबुड्यात कोंडतो. डोळ्यांना दिसणारही नाही एवढासा बुडबुडा. वाटेत तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. रोगाच्या जागी पोचला, की तिथेच उघडतो!"

काकांनी डोळेच मिटून घेतले. मुलगा स्वतः बोलला, म्हणजे संपलंच सगळं.

ओपोकूमामा काठी टेकत उठले आणि थेट त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"म्हणजे एवढं जहाल औषध, तेसुद्धा आपली जागा येईपर्यंत गप्प बसतं?"

"हो, मामा."

"मग पोरा, तुला काय घाई झाली होती बुडबुडा फोडून बाहेर यायची? श्नॅप्स दारूची एक बाटली दंड!"

क्वाबेनाचा चेहरा पार उतरला. तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला.

"आणि दादा, तू आत्ता कुणाच्या तोंडून बोललास रे?"

मामा जागच्या जागी थबकले. अंगणभर खसखस पिकली. ते गुपचूप माघारी फिरले, खुर्चीत बसले आणि मावशीच्या कानाला लागले. बोलता बोलता त्यांचे खांदे हसण्याने गदगदत होते.

"मामा म्हणतात," मावशीने सेरवाकडे बघून डोळे मिचकावले, "दंडाच्या बाटल्या दोन झाल्या, आत्ताच उघडा. औषध जागेवर पोचलं."