टेलिव्हिजनचं घराणं

आमचे बाबा शब्दकोशाचे संपादक. विज्ञानातला एखादा इंग्रजी शब्द कानावर पडला, की त्याचं कूळ खणून काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. काल जेवताना 'टेलिव्हिजन' त्यांच्या तावडीत सापडला.

“अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन!” बाबा रंगात आले. “पंडितांनी नाकं मुरडली, भेसळ म्हणाले. पण गडी जगातल्या घराघरांत जाऊन बसला. मिसळलेलंच टिकतं, लिहून ठेवा!”

बाबांचा असा मूड पुन्हा कुठला मिळायला? मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की माझं लग्न ठरलंय, मुलगा दाताचा डॉक्टर आहे आणि त्याचे आईवडील दोन वेगळ्या धर्मांचे आहेत.

बाबांचा घास हातातच राहिला. “असली भेसळ आपल्या घरात चालायची नाही!” असं म्हणून ते ताटावरून उठले आणि बाहेरच्या खोलीत मॅच लावून बसले.

शेवटची ओव्हर सुरू झाली तशी आई शांतपणे उठली आणि तिने टीव्हीचा प्लग उपटला.

“अहो, हाही अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन. आपल्या घरात कसा चालेल?”