निरोपाचं वजन

अर्ध्या धावपट्टीची खूण मागे पडली, तरी वेगाचा काटा हवा तिथे पोचला नव्हता. उंच डोंगरपठारावरच्या एल आल्तो विमानतळाच्या विरळ हवेत इंजिनं नुसतीच ओरडत होती. पुढे मोकळी धावपट्टी होती, तिच्यापुढे दरी. आल्दोने इंजिनांचा जोर काढला आणि ब्रेक दाबले.

आज त्याची कॅप्टनपदाची परीक्षा होती. दोनदा नापास झालेल्याला ही शेवटची संधी. शेजारी सहवैमानिक नील्दा. मागच्या घडीच्या खुर्चीवर परीक्षक सेनोन चोके, हाताची घडी घालून गप्प.

उतारू गप्प नव्हते. “काय रे पोरा, बायकोचा निरोप घ्यायचा राहिला का?” पहिल्या रांगेतल्या गुमेर्सिंदाबाई खेकसल्या. “विमान आहे की अडलेलं गाढव?”

विमान जागेवर परतलं. आल्दो उठून मागे गेला. माणसांचं आणि सामानाचं वजन चोख झालं होतं. पण आता प्रत्येकाच्या मांडीवर गाठोडं होतं: सुकवलेले बटाटे, चीज, खारवलेलं मांस. पोचवायला आलेल्यांनी वजनानंतर कुंपणापाशी हातात कोंबलेलं. निरोपाची भेट म्हणजे सामान नव्हे. ती नाकारणं म्हणजे नातं तोडणं. आल्दोही इथलाच. त्याच्या खुर्चीमागे आईने दिलेली थैली होती.

त्याने आधी तीच खाली उतरवली. “माझंच चुकलं. आता तुमची द्या.”

कुरकुरत गाठोडी उतरली. गुमेर्सिंदाबाईंनी मात्र आपलं पोटाशी धरलं. “नातवाच्या जावळाला मी रिकाम्या हाताने जाऊ?”

आल्दोने ते एक गाठोडं धरून पुन्हा हिशेब मांडला. दुपारची हवा आता तापून आणखी विरळ झाली होती; तिच्यात एवढं वजन उचललं जाणार नव्हतं. खाली जिथे उतरायचं, त्या धावपट्टीवर दिवे नव्हते, म्हणून संध्याकाळची वाट पाहणं शक्य नव्हतं.

“अजून एक माणूस जास्त आहे,” तो म्हणाला. “कुणीतरी उतरल्याशिवाय मी उडणार नाही.”

सगळे खिडकीबाहेर पाहू लागले. विमानाच्या मालकाचा फोन वाजत होता, आल्दोने तो घेतला नाही. परीक्षा हातची गेली, हे त्याला कळून चुकलं होतं.

घडीची खुर्ची करकरली. सेनोन चोके, धिप्पाड गडी, टोपी घालून शिडीकडे निघाले.

गुमेर्सिंदाबाई दचकल्या. “अहो, मोठे साहेबच उतरले, तर विमान कोण नेणार?”

“कोण म्हणजे?” सेनोन पायरीवरून म्हणाले. “कॅप्टन नेतील.”