हद्दीपलीकडचं औषध

मागून पोलिसांचे लाल-निळे दिवे चमकले, तशी मृण्मयीच्या नवऱ्याने गाडी कडेला घेतली. अमेरिकेतल्या या राज्याची हद्द ओलांडून त्यांना जेमतेम दहा मिनिटं झाली होती. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी घेतलेल्या जेलीच्या गोळ्या गांजाच्याच जातीच्या झाडापासून कारखान्यात बनवलेल्या. मागच्या राज्यात त्या पेट्रोलपंपावर राजरोस मिळत. इथे सापडल्या तर अटक, हे मृण्मयीने आत्ताच फोनवर वाचलं होतं. मग मागे झोपलेल्या तान्ह्या लेकीचं काय?

"वेग जास्त होता," पोलीस खिडकीशी वाकून म्हणाला. लायसन्स बघताना त्याची नजर मागे बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवरच्या स्टीलच्या डबीवर गेली. पाकीट टाकून त्यांनी सवयीप्रमाणे गोळ्या डबीत भरल्या होत्या.

"उन्हात उभा आहे बिचारा. घे रे बाबा, एक घे," म्हणत सासूबाईंनी झाकण उघडलं.

पोलिसाने हसून हात पुढे केला. मृण्मयीने मागे वळून झाकण गच्च दाबलं.

"माफ करा, देवाला दाखवल्याशिवाय आम्ही हे कुणाला देत नाही," ती इंग्रजीत कशीबशी म्हणाली.

"अरे, मग राहू द्या." पोलीस ओशाळला. हळू चालवायची तंबी देऊन तो निघून गेला.

"काय सांगितलंस गं त्याला?" सासूबाई फणकारल्या. "औषधच आहे ना ते?"

"मागच्या राज्यात होतं, आई," ती म्हणाली. मग नवऱ्याचा दंड घट्ट धरून पुटपुटली, "गाडी वळव आधी."